चंद्रावरचं भोपळ्याचं सूप

कप्तानीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. मनोरंजन पार्कातल्या तळ्याकाठी समुद्री चाच्यांच्या जहाजासारखं बांधलेलं एक हॉटेल होतं, आणि त्या जहाजाच्या स्वयंपाकघरात तिची पस्तीस वर्षं गेली. दारात प्लॅस्टरचा कप्तान उभा असायचा, एक पाय लाकडी, दाढी काळीभोर. पण आत हुकूम चालायचा तो हिचा. "कप्तान नुसता दारात उभा, जहाज हाकतेय ती कप्तानीण," असं कुणीतरी एकदा म्हणून गेलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. हजेरीच्या वहीत तिचं खरं नाव वाचलं की नवी माणसं विचारायची, "ही बाई कोण? कधी दिसली नाही."

ती तिथे लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती, आणि काम होतं बशा धुण्याचं. आलेली प्रत्येक बशी नळाखाली धरायच्या आधी ती क्षणभर बघायची. बघता बघता पुटपुटायची, "आज वाटाणे टणक राहिलेत. सगळ्यांनी कडेला सारलेत." नाहीतर, "माशाला मीठ जास्त झालंय वाटतं, पाण्याचे पेले बघा किती आलेत." म्हातारे मुख्य आचारी तापट. चार दिवस त्यांनी ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी डाव आपटून म्हणाले, "एवढं कळतं तर ये इकडे, दाखव करून!" ती हात पुसून गेली. मुळात ती जाईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्या दिवशी वाटाणे कुणी कडेला सारले नाहीत, आणि तिला परत बशांकडे कुणी पाठवलं नाही. "माणसं तोंडावर गोड बोलतात," ती नंतर नव्या लोकांना सांगायची, "बशी खोटं बोलत नाही."

तिचा नवरा त्याच पार्कात होता, लाकडी घोड्यांच्या चक्रावर. बत्तीस घोडे, त्यांचे दांडे, त्यांची चाकं, त्यांची रंग उडालेली नाकं, सगळं त्याच्याकडे. त्याला घोडेवाला म्हणत. हिवाळ्यात गोठलेलं वंगण पातळ करायला तो जहाजाच्या मागच्या दाराशी गरम पाणी मागायला यायचा. हिवाळा संपला, उन्हाळा लागला, वंगण आपोआप पातळ झालं, तरी हा आपला गरम पाणी मागायला हजर. सगळ्या स्वयंपाकघराला कळलं होतं, कळलं नव्हतं ते फक्त त्या दोघांना. शेवटी म्हातारे आचारीच ओरडले, "अरे, लग्न करा एकदाचं, माझी भांडी अडकून पडतात!"

लग्न झालं, एक मुलगी झाली, ती शिकून दूरच्या शहरात दातांची डॉक्टर झाली. "आईनं लोकांना पुडिंग चारून दात किडवायचे आणि लेकीनं ते बुजवायचे," असं कप्तानिणीची नणंद म्हणे. "घरातल्या घरात सोय." ही नणंद म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण. राहायची वरच्याच मजल्यावर. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि दुसऱ्याच्या नाकावर बसली तर त्यालाही सांगून मोकळी व्हायची. कप्तानीण तिला वन्सं म्हणायची. दोघींचं दिवसातून एकदा तरी वाजायचं, आणि ज्या दिवशी वाजलं नाही त्या दिवशी दोघींनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

कप्तानीण निवृत्त झाली, आणि पुढच्याच वर्षी जहाज बंद झालं. आठ महिने तिथे पत्रे ठोकलेले होते. आतून करवतींचा आवाज यायचा. घोडेवाला अधूनमधून जुन्या दोस्तांना भेटायला पार्कात जायचा आणि बातम्या आणायचा. शिडं उतरवली. तोफा नेल्या. प्लॅस्टरचा कप्तान हातगाडीवर आडवा घालून नेला, तेव्हा त्याची दाढी खाली पडली. कप्तानीण ऐकायची आणि कांदा चिरत राहायची. डोळ्यांतून पाणी आलंच तर कांदा होताच.

मग एके दिवशी चंदेरी पाकीट आलं. "आपलं लाडकं जहाज आता चंद्रावर पोहोचलं आहे! उद्घाटनापूर्वी चव घेण्यासाठी आमच्या जुन्या सहकाऱ्यांना सप्रेम निमंत्रण. सोबत दोन पाहुणे आणावेत."

"चंद्रावर पोहोचलं?" कप्तानीण म्हणाली. "बुडालं म्हणा की सरळ. मी नाही येणार."

"अगं, फुकट जेवण आहे," घोडेवाला म्हणाला.

"तुम्ही जा. तुमचे घोडे अजून जागेवर आहेत ना? मग तुम्हाला काय कळणार?"

त्यानं पत्र बहिणीपुढे सरकवलं. बोलली ती नणंद. तिनं पत्र चष्म्यापाशी धरून दोनदा वाचलं. "वहिनी, यात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. ही माणसं जेवण कसं करतात ते बघायलाच हवं. आणि तू नाही आलीस, तर वाईट झालं होतं की चांगलं हे मला कोण सांगणार? मला काय, मीठ आणि साखर एवढंच कळतं."

"खोड काढायला यायचं असेल तर येते," कप्तानीण म्हणाली. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ती घरातून निघाली ती खोड काढायलाच. ठेवणीतला निळा पोशाख घातला, केस नीट बांधले, आणि तोंड आधीच थोडं वाकडं करून ठेवलं, म्हणजे ऐनवेळी त्रास नको.

भर दुपार होती. बाहेर लख्ख ऊन पडलेलं. चक्राचं संगीत ऐकू येत होतं, रांगांमधली पोरं किंचाळत होती. जहाज होतं तिथे आता एक मोठा पांढरा घुमट उभा होता. आत पाऊल टाकलं आणि तिघंही थबकली. आत निळा अंधार. छताच्या खिडक्यांवर काळा रंग चढवून त्यावर बारीक चांदण्या काढलेल्या. भिंती करड्या, खड्ड्याखड्ड्यांच्या. कुठूनतरी संथ घुंऽऽ असा आवाज येत होता. टेबलं गोल, खुर्च्या अंड्यांसारख्या.

"बसायचं कुठून?" नणंद म्हणाली. "याला पुढची बाजू कुठली?"

घोडेवाला तोंड उघडं टाकून वर बघत होता. "अगं, तो बघ," तो हळूच म्हणाला. मधोमध एक चंदेरी अग्निबाण उभा होता, छतापर्यंत गेलेला. कप्तानिणीनं जवळ जाऊन हात लावला. रंगाखाली लाकूड होतं. जहाजाची डोलकाठी! छप्पर तिच्यावरच पेललेलं, त्यामुळे तिला काढता आलं नव्हतं. बिचारीला चंदेरी फासून अग्निबाण करून टाकलं होतं. कप्तानिणीनं तिच्यावर दोन थापा मारल्या, भेटलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर मारतात तशा, आणि येऊन खुर्चीत बसली.

बसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की या दालनात आपण आज पहिल्यांदाच बसतोय. पस्तीस वर्षं तिनं इथलं जेवण खाल्लं होतं ते उभ्यानं, ओट्याला टेकून, एक डोळा पातेल्यावर ठेवून. आता हात कुठे ठेवावेत तेच कळेना. तिनं रुमालाची घडी मोडली, परत घातली. काटे-चमचे सरळ केले. शेजारच्या टेबलावरचेही सरळ करायला निघाली, तेव्हा नवऱ्यानं हात धरून खाली बसवलं. "आज तू पाहुणी आहेस."

"पाहुण्यांनी काय करायचं असतं?"

"काही नाही. भूक लागल्यासारखं दिसायचं."

तेवढ्यात चंदेरी पोशाखातला एक उंचच उंच वाढपी त्यांच्याकडे येऊ लागला. येऊ लागला म्हणजे काय, एक पाय उचलायचा, हवेत थोडा धरायचा, मग हळूऽऽच टेकायचा, मग दुसरा. टेबलापासून दहा पावलांवर असताना कप्तानिणीनं त्याला ओळखलं. "लंबू! अरे, पायाला काय झालं?"

लंबू जहाजावर पंधरा वर्षं वाढप्याचं काम करत होता. तो यथावकाश पोहोचला आणि वाकून कुजबुजला, "काही झालं नाही हो, कप्तानीणबाई. चंद्रावर असंच चालायचं, असा हुकूम आहे. पंधरा वर्षं एक डोळा पट्टीनं झाकून वाढलं. आता दोन्ही डोळे उघडलेत तर पाय बांधलेत."

कप्तानिणीला हसायचं नव्हतं. पण वाकडं धरलेलं तोंड सरळ झालं आणि हसू फुटलंच. नणंद तर इतकी हसली की अंड्यासारखी खुर्ची गर्रकन फिरली आणि तिचं तोंड भिंतीकडे झालं. तिला परत वळवायला घोडेवाल्याला उठावं लागलं.

लंबूनं तिघांपुढे पदार्थांची यादी आणि एकेक छापील कागद ठेवला. कागदावर प्रत्येक पदार्थापुढे तीन चेहरे होते, हसरा, मख्ख आणि रडका. आवडेल त्यावर खूण करायची. नणंदेनं यादी मोठ्यानं वाचून दाखवली. "चंद्रधूळ सूप. खड्ड्यांतले बटाटे. कृष्णविवर पाव." ती थांबली. "कृष्णविवरात गेलेलं परत बाहेर येत नाही म्हणतात. पोटाचं काय करायचं?"

पहिलं सूप आलं. लंबूच्या चालीनं ते दारापासून टेबलापर्यंत पोहोचेपर्यंत त्याची वाफ मावळली होती. वाटीत काहीतरी करडं, राखाडी, थोडं हिरवट होतं. भांडी धुतलेल्या पाण्यासारखं. घोडेवाल्यानं एक चमचा घेतला आणि सभ्यपणे दुसरीकडे बघू लागला. नणंदेनं चमचा वाटीत फिरवला, वास घेतला आणि तसाच ठेवला. "मी आजारी नाहीये अजून," ती म्हणाली.

कप्तानिणीनंही चाखलं. आळणी, मातकट. तिनं आजूबाजूला बघितलं. सत्तर-ऐंशी माणसं असतील, बहुतेक जुनीच, झोपाळ्यांवरची, तिकीट खिडकीवरची, बागकामाची. सगळे चमचे वाटीत फिरवत होते, तोंडापर्यंत कुणाचाच जात नव्हता. लंबू आणि त्याचे साथी भरलेल्याच वाट्या हळूऽऽहळू परत नेत होते.

तेव्हा तिच्या मनात आनंदाची एक उकळी फुटली. खोटं कशाला बोला? आमचं जहाज मोडलंत ना, मग भोगा आता. तिनं पेन्सिल उचलली आणि रडक्या चेहऱ्यावर ठसठशीत खूण करायला कागद पुढे ओढला.

आणि नेमकी तेव्हाच तिची नजर पलीकडच्या खिडकीवर गेली. स्वयंपाकघर आणि दालन यांच्यामधली ती वाढायची खिडकी. आता तिला जाड गोल काच होती. काचेमागे पांढऱ्या टोपीतला एक माणूस उभा होता, पस्तिशीचा असेल. हाच नवा मुख्य आचारी. परत येणारी प्रत्येक वाटी तो बघत होता. एक आली, दुसरी आली, तिसरी आली. त्यानं एका वाटीत स्वतः चमचा घालून चाखलं, भुवया वर चढवल्या, परत चाखलं, आणि गोंधळून दालनाकडे बघत राहिला.

कप्तानिणीची पेन्सिल थांबली. भरलेल्या वाट्या परत येतात तेव्हा काय होतं ते या दालनात दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? तिनं पेन्सिल खाली ठेवली. आणि मग तिला त्याच्या भुवया आठवल्या. त्या माणसाचा चेहरा लाजलेला नव्हता. चकित झालेला होता. चाखून तो म्हणत होता, बरं तर लागतंय की!

तिनं वाटी परत जवळ ओढली. डोळे मिटून एक चमचा घेतला. तशीच बसून राहिली. डोळे उघडून दुसरा घेतला. परत मिटून तिसरा.

"वहिनी, भोवळ येतेय का तुला?" नणंदेनं विचारलं.

"श्श. वन्सं, डोळे मिटा."

"का?"

"मिटा म्हणते ना! अहो, तुम्हीपण. आता घ्या एक चमचा. काय लागतंय?"

घोडेवाल्यानं डोळे मिटून चमचा तोंडात घातला आणि गिळला. त्याचा चेहरा बदलला. "भोपळा," तो म्हणाला. "भाजलेला भोपळा. आणि लोणी. अगं, हे तर... मघाशी कुठे गेलं होतं हे?"

"जायफळ आहे," नणंद डोळे घट्ट मिटूनच म्हणाली. "मला कळलं! मला जायफळ कळलं, वहिनी!"

कप्तानीण वाटी घेऊन उठली. दालनाच्या दारापर्यंत गेली आणि खांद्यानं दार ढकललं. बाहेरचं ऊन वाटीत पडलं. मघाचं भांडी धुतलेलं पाणी केशरी झालं. भाजलेल्या भोपळ्याचा रंग, वर लोण्याचे चकाकते थेंब आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पानांची चंद्रकोर. निळ्या दिव्यांनी त्याचं पार मातेरं केलं होतं.

ती वळली आणि थेट वाढायच्या खिडकीपाशी जाऊन काचेवर टकटक केलं. नवा आचारी बाहेर आला. त्याला ती ओळखत नव्हती, तोही तिला ओळखत नव्हता.

"चव कुठे बघितलीत तुम्ही?" तिनं सरळच विचारलं.

"आत. स्वयंपाकघरात."

"पांढऱ्या दिव्याखाली?"

"हो."

"इथे बसून बघितलीत कधी?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. दालन कालपर्यंत रंगवत होते, त्याला इथे बसायला मिळालंच नव्हतं.

"बाबा रे," कप्तानीण म्हणाली, "तुझं सूप फर्स्ट क्लास आहे. तुझा चंद्र नासका आहे. माणूस आधी डोळ्यांनी जेवतो. या उजेडात अमृत वाढलंस तरी कुणी शिवायचं नाही. चल माझ्याबरोबर."

ती त्याला उंबऱ्यापर्यंत घेऊन गेली आणि वाटी त्याच्या हातात दिली. त्यानं उन्हात आपलंच सूप बघितलं. मग मागे वळून निळ्या दालनात बघितलं. "तीन आठवडे," तो म्हणाला. "तीन आठवडे रोज भोपळे भाजले मी." त्याचा आवाज इतका केविलवाणा झाला की कप्तानिणीला हसू आवरेना. आधी तो वरमला, मग त्यालाही हसू आलं.

पुढे जे झालं ते तिनं ठरवून केलं नव्हतं. पस्तीस वर्षं स्वयंपाकघरातून दालनात ओरडायची सवय, ती तोंडातून बाहेर पडली. "ऐका सगळ्यांनी! आपापली वाटी उचला आणि बाहेर पायऱ्यांवर या! चाखल्याशिवाय कुणी रडक्या चेहऱ्यावर खूण करायची नाही!"

जुनी माणसं ती. त्या आवाजावर त्यांनी पंचवीस-पंचवीस वर्षं जेवणं घेतली होती. कुणी प्रश्न विचारला नाही. खुर्च्या सरकल्या, काही गर्रकन फिरल्या, आणि वाट्या हातात घेतलेली ती वरात बाहेर निघाली. मधे आडवे आले ते व्यवस्थापक. त्यांनी त्या दिवशी अंतराळवीराचा पूर्ण पोशाख चढवला होता, डोक्यावर काचेच्या गोळ्यासकट. गोळ्याच्या आत ते काहीतरी जोरजोरात बोलत होते, हातवारे करत होते, पण बाहेर ऐकू येत होतं फक्त "बंब बंब बंब". एका माळ्याला वाटलं ते स्वागत करतायत, त्यानं मान लववून नमस्कार केला आणि पुढे गेला.

"लंबू!" कप्तानीण ओरडली. "पातेलं बाहेर आण! आणि चंद्रावरून खाली उतर आता, पृथ्वीवरच्यासारखा चाल!"

लंबूनं हुकमाची वाटच बघितली होती जणू. वाफाळतं पातेलं घेऊन तो असा पळत आला की पंधरा वर्षांत तसा पळाला नसेल.

पायऱ्यांवर, कठड्यावर, तळ्याकाठच्या बाकांवर जागा मिळेल तिथे माणसं बसली. गरम सूप परत वाढलं गेलं. पाच मिनिटं नुसते चमचे वाजत होते. मग एक तिकीटवाल्या बाई म्हणाल्या, "अजून आहे का?" आणि एकदम सगळ्यांनाच अजून हवं झालं. मागोमाग कृष्णविवर पाव आला. निळ्या उजेडात तो कोळशाच्या वडीसारखा दिसला असता. इथे त्याची साल तांबूस चमकत होती आणि मोडल्यावर आतून वाफ आली. नणंदेनं तीन तुकडे खाल्ले, आणि चौथा उचलताना म्हणाली, "हे विवर भरायला वेळ लागतोय." बटाटे मात्र जरा फसले होते, मधे कच्चट. ते कप्तानिणीनं आचाऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, चारचौघांत नाही. त्यानं खिशातली वही काढून लिहून घेतलं.

शेजारच्या पाळण्यापुढच्या रांगेतल्या लोकांना वास गेला. "इथे काय मिळतंय?" म्हणत काही जण रांग सोडून आले. एका बापाच्या खांद्यावर एक लहान मुलगी होती, तिनं वाटीत बोट बुडवून चाटलं आणि बापाच्या केसांना पुसलं. आचारी आत-बाहेर धावत होता, टोपी तिरकी झालेली, गाल लाल. रिकाम्या वाट्यांची उतरंड पायरीवर चढत गेली. एक वाटी हातात घेऊन तो कप्तानिणीपुढे आला. ती इतकी स्वच्छ पुसून खाल्लेली होती की धुवायची गरज नव्हती.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही कोण?"

उत्तर घोडेवाल्यानं दिलं. पावाचा घास तोंडात असतानाच तो म्हणाला, "ही कप्तानीण. आणि मी हिचा गरम पाणी मागणारा."

एव्हाना व्यवस्थापकांनी डोक्यावरचा गोळा काढला होता. आतून घामाघूम झालेला एक साधासरळ माणूस निघाला. भुकेलेलाही होता, कारण सकाळपासून त्या गोळ्यामुळे त्याला काही खाताच आलं नव्हतं. कप्तानिणीनं त्याच्या हातात वाटी दिली आणि पायरीवर जागा करून दिली. दोन वाट्या झाल्यावर तो म्हणाला, "पण बाई, निळा उजेड काढला तर चंद्र कसा वाटणार? एवढा खर्च करून रंगवलंय."

"कुणी काढा म्हटलंय?" ती म्हणाली. "भिंतींवर राहू द्या की तुमचा चंद्र. मलाही आवडला तो, खरं सांगते. फक्त प्रत्येक टेबलावर एक पिवळा दिवा सोडा, खाली, बशीवर पडेल असा. चंद्राला तरी स्वतःचा उजेड कुठे असतो? सूर्याचाच उसना ना?"

"अगदी बरोबर," नणंद म्हणाली. चाळीस वर्षं तिनं भूगोल शिकवला होता. "इयत्ता चौथी."

पुडिंग खायला सगळे आत गेले. घोडेवाल्यानं चक्राच्या दुरुस्तीखोलीतून दोन बत्त्या आणल्या होत्या, त्या त्यानं टेबलावर टांगून दाखवल्या. बत्त्यांखाली बशीतलं पिवळं, थरथरतं पुडिंग असं उजळलं की आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक माना वळवून बघू लागले. कप्तानिणीनं ते सावकाश खाल्लं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, दोन्ही कोपरं टेबलावर टेकून. कुणीतरी बनवलेलं, कुणीतरी आणून दिलेलं, आणि नंतर बशी घासायची नाही! तिनं आणखी एक मागवलं. मग कागद पुढे ओढला. सूप, हसरा. पाव, हसरा. पुडिंग, हसरा. बटाट्यापुढे मख्ख, आणि शेजारी बारीक अक्षरात, "पुढच्या वेळी हसेल." नणंदेनं तो कागद तपासला आणि काहीही लाल न करता परत दिला.

पंधरा दिवसांनी उद्घाटन झालं. प्रत्येक टेबलावर वाटोळा पिवळा दिवा होता. भिंती निळ्या, ताटं सोनेरी. वाढप्यांना रिकाम्या हातानं चंद्रावरच्यासारखं चालायचं आणि भरल्या हातानं माणसासारखं, असा नवा नियम झाला होता. पोरांना तीच गंमत वाटायची. लंबू रिकामा परत निघाला की ती त्याच्या मागून पाय उचलत ओळीनं चालायची, आणि लंबू मुद्दाम आणखी हळू व्हायचा.

व्यवस्थापकांनी कप्तानिणीला विचारलं, परत कामावर याल का, निदान देखरेखीला? तिनं दोन दिवस विचार केला. खरंच केला, कारण हात शिवशिवत होते. मग नाही म्हणाली. "स्वयंपाकघर त्याचं आहे," ती म्हणाली. "एका पातेल्यात दोन डाव आपटतात. बोलवायचं तर जेवायला बोलवा."

म्हणून दर बुधवारी दुपारी, गर्दी नसते तेव्हा, ती तिघं तिथे जाऊ लागली. नवा आचारी पदार्थ ठरवायचा, करायचा, स्वतः आणून वाढायचा, आणि शेजारची खुर्ची ओढून तोही त्याच दिव्याखाली बसून खायचा. आवडलं नाही तर कप्तानीण तोंडावर सांगायची. त्याला पटलं नाही तर तोही तोंडावर सांगायचा. एकदा मिरीवरून दोघांचं असं जुंपलं की नणंदेला मध्यस्थी करावी लागली. आयुष्यात पहिल्यांदाच ती भांडण सोडवणाऱ्याच्या जागी होती. नंतर तिनं कबूल केलं की त्यात काही मजा नाही.

बटाट्याला मात्र सहा बुधवार लागले. आधी उकडून बघितले, मग वाफवून, मग साल ठेवून. सहाव्या बुधवारी आचाऱ्यानं बशी ठेवली आणि हात मागे बांधून उभा राहिला, बसलाच नाही. बटाटे बाहेरून खरपूस, मधल्या खड्ड्यात वितळलेलं चीज. कप्तानिणीनं एक फोडला, फुंकर घातली आणि तोंडात टाकला. दुसरा घेतला. घोडेवाल्यानं हात पुढे केला तर त्याच्या हातावर चापट मारली आणि तिसराही स्वतःच घेतला.

"मावशी, बोला ना काहीतरी," आचारी म्हणाला.

"बशी बोलेल," घोडेवाला म्हणाला. "पण तिच्यात काही उरलं तर ना! अगं, एक तरी दे!"

"तुमची तुम्ही मागवा," कप्तानीण भरल्या तोंडानं म्हणाली, आणि बशी आपल्याकडे ओढून घेतली.